न केलेली खोडी

साडूच्या पत्राला मास्तरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. आधी ते पत्र शर्टाच्या खिशात राहिलं, मग टेबलाच्या खणात गेलं, खणातून गिअरबॉक्सवरच्या जाडजूड पुस्तकात, आणि बायकोने पुस्तकं झटकायला काढली त्या दिवशी घाईघाईने परत खिशात. एव्हाना ते घड्यांवर फाटायला आलं होतं आणि मास्तरांना तोंडपाठ झालं होतं.

'मास्तर,' साडूने लिहिलं होतं, 'पत्र लिहितोय म्हणून हसू नका. समोरासमोर बोललो तर तुम्ही मान हलवता आणि विषय तिथेच राहतो. फोनवर तुम्ही हॅलोच्या पुढे जात नाही. आणि घरी बोलावं तर दोघी बहिणी कान टवकारून बसलेल्या. तर मुद्द्याचं. तुम्ही माझ्या गॅरेजात उमेदवारीला पाठवलेली ताई माणूस म्हणून सोनं आहे. वेळेवर येते, हत्यारं पुसून जागच्या जागी ठेवते, उलट बोलत नाही. पण गाडीतला बिघाड तिला सापडत नाही. गाडीभोवती फिरते आणि माझ्या तोंडाकडे बघते. फोरमनच्या तोंडाकडे बघते. परवा तर त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती. बिचारा संसारी माणूस, लाजून चूर झाला. तुमच्या वर्गात ती पहिली आली होती म्हणे. कशात? महिनाअखेर तिची उमेदवारी संपते. दाखल्यावर सही करू की हात जोडू, तेवढं कळवा. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही.'

या शेवटच्या वाक्यानेच मास्तरांचा जास्त छळ मांडला होता. जन्मभर त्यांच्या शब्दाबाहेर सगळेच होते. बायको होती, लेक होती, वर्गातली पोरं होती, कॉलेजचा शिपाईसुद्धा होता. आता एकदाच कुणीतरी शब्दाला किंमत देऊन बसला, तर नेमका शब्द सापडेना.

मास्तर कम्युनिटी कॉलेजात मोटारदुरुस्ती शिकवत. दिवसभर कुठे कुठे राबून संध्याकाळी येणारी माणसं त्यांच्या वर्गात असत. कुणी पहारेकरी, कुणी पाव पोचवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, कुणी नोकरी गेलेला कारकून. आधी कॉलेजात वर्ग, मग एखाद्या गॅरेजात सहा महिने उमेदवारी, आणि शेवटी गॅरेजमालकाची सही. सही झाली तर तंत्रज्ञाचा दाखला, नाही तर सगळी मेहनत पाण्यात. ताई वर्गात आली तेव्हा चाळिशीला टेकली होती, म्हणून सगळे तिला ताईच म्हणू लागले. त्याआधी ती बुटांच्या दुकानात होती. बुटक्या स्टुलावर बसून लोकांच्या पायांत बूट चढवायचे, हे तिचं काम. दुकान बंद पडलं. "जन्मभर लोकांच्या पायांशी बसले, आता गाडीखाली झोपून बघते," असं प्रवेशाच्या खिडकीवर सांगून तिने नाव घातलं होतं.

वर्गाची एक रीत होती. वर्कशॉपात शिकवण्यासाठी एक जुनी निळी गाडी होती. पण धडधाकट गाडीवर दुरुस्ती शिकवणार कशी? म्हणून वर्ग भरायच्या आधी मास्तर शटर खाली ओढत आणि गाडीत एक खोडी करून ठेवत. कधी फ्यूज काढून टाकत, कधी एखादी वायर ढिली करत, कधी एखाद्या नळीत फडक्याचा बोळा कोंबत. शटर वर गेलं की मुलांनी ती खोडी शोधून काढायची. बाकीचे डोकं खाजवत बसत. ताई गाडीभोवती एक चक्कर मारी, मास्तरांकडे एकदा बघून मान खाली घाली आणि नेमक्या जागी हात घाली. मास्तरांना भरून येई. याला म्हणतात उपजत हात, असं त्यांनी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहूनही टाकलं होतं.

मग साडूच्या गॅरेजात गेल्यावर तो हात गेला कुठे?

'सही करा' असं लिहावं, तर उद्या कुणाच्या गाडीचा ब्रेक तिला उमगला नाही तर? 'हात जोडा' म्हणावं, तर तिच्या पोटावर पाय येणार, आणि तोही मास्तरांचा. बरं, पहिली आलेली बाई नापास असेल, तर बाकीचे पास झाले ते कशाच्या जोरावर? मास्तर रोज विचार करत आणि रोज जास्तच गुंतत. शेवटी त्यांनी ठरवलं की आपण डोळ्यांनी बघावं.

उमेदवारीत असलेल्यांसाठी दर शनिवारी वर्कशॉप उघडं असे. गॅरेजात कुणाचं घोडं अडलं तर इथे येऊन पुढे ढकलायचं. त्या शनिवारी मास्तरांनी स्टोअरकीपरला गाठलं.

"आज गाडीत खोडी तुम्ही करा."

"मी?" स्टोअरकीपर घाबरला. "सर, मी नट मोजणारा माणूस. बॉनेट कुठून उघडतात एवढंच मला ठाऊक."

"तेवढं पुरे. आणि काय केलंत ते मला सांगू नका."

मास्तर बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत बराच वेळ खुडबुड चालली. ताई आली, तिने शटर वर केलं, किल्ली फिरवली. गाडी चालू होईना. ताईने गाडीभोवती एक चक्कर मारली. मास्तरांकडे बघितलं. दुसरी चक्कर मारली. पुन्हा बघितलं, या वेळी वरपासून खालपर्यंत.

"सर, तुम्हाला बरं नाही का?"

"मी ठणठणीत आहे. का?"

"आज तुमच्यावर काहीच दिसत नाहीये."

"माझ्यावर काय दिसायला हवं?"

ताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावलोय?"

"तेच ना. रागावला असतात तर सवय झाली असती." तिने एक श्वास घेतला. "तुम्ही चाकापाशी काही केलं की तुमच्या उजव्या गुडघ्याला धूळ लागायची. फ्यूज काढला असला की चष्मा कपाळावर चढवलेला तसाच राहायचा. आणि नळीत बोळा कोंबलात की तुमचं मन तुम्हाला खायचं. सारखे त्या बाजूला जाऊन उभे राहायचात, जशी काही गाडीची माफी मागताय."

मास्तरांचा हात नकळत चष्म्याकडे गेला. "म्हणजे तुम्ही गाडी बघतच नव्हतात?"

"बघायचे की! पण आधी तुम्हाला बघायचे. दुकानात तसंच करायचो आम्ही. गिऱ्हाईक मागतं एक आणि त्याच्या पायाला हवं असतं दुसरंच. मला वाटलं, सगळा वर्ग असाच शोधतो."

"आणि गॅरेजात?"

"गॅरेजात खोडी कोण करतं तेच समजत नाही, सर. पहिले काही दिवस मला वाटलं, फोरमनच करून ठेवतात. मी त्यांना सरळ विचारलं, आज कुठे हात घातलात म्हणून. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत."

मास्तरांना हसू आलं. ते लपवायला त्यांनी बॉनेटमध्ये डोकं खुपसलं. दोघांनी मिळून शोधायला सुरुवात केली. वायरी झाल्या, फ्यूज झाले, नळ्या झाल्या. गाडी ढिम्म. शेवटी मास्तरांनी हात टेकले आणि स्टोअरकीपरला हाक मारली.

"सांगा बाबा आता, काय केलंत?"

स्टोअरकीपर गाडीपाशी आला, वाकला, इकडेतिकडे बघत राहिला. "सर, मी काहीतरी केलं होतं एवढं नक्की. पण काय केलं ते आता मलाच आठवत नाहीये."

सोमवारी त्याला स्वतःच्याच खिशात गाडीचा एक रिले, म्हणजे तो काड्यापेटीएवढा काळा ठोकळा, सापडला. तोवर मास्तरांची रविवारची सुट्टी नासली होती. ताईला ती खोडी सापडली नाही हे खरं. पण मास्तरांना तरी कुठे सापडली? गेल्या कित्येक वर्षांत स्वतः न केलेली एक तरी खोडी आपण शोधली होती का, हे त्यांना आठवेना.

त्याच रविवारी साडूकडे जेवण होतं. पानं वाढली जात असताना साडूने हळूच विचारलं, "मास्तर, टपाल मिळालं का?"

"मिळालं."

"मग?"

"अक्षर सुधारलंय हो तुमचं."

"कसलं टपाल?" मेहुणीने आतून विचारलं. तिचे कान भिंतीतूनही चालत.

"कॅलेंडर," दोघेही एकदम म्हणाले.

"ज्या अर्थी दोघं एका सुरात बोलताय, त्या अर्थी पाणी मुरतंय," मास्तरांची बायको म्हणाली.

निघताना मास्तर चपला घालत होते, तेव्हा साडू पुटपुटला, "त्या कॅलेंडरात महिनाअखेर आहे, मास्तर. एवढंच लक्षात असू द्या."

मग मास्तर गॅरेजात गेले. साडू सुटे भाग आणायला बाहेर पडतो ती वेळ त्यांनी मुद्दाम साधली. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून त्यांनी तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं. साडूच्या गॅरेजात जमिनीवर एक पिवळा पट्टा रंगवलेला होता. पट्ट्याच्या अलीकडे गिऱ्हाइकं, पलीकडे कामगार. गिऱ्हाईक काउंटरवाल्याला तक्रार सांगे, काउंटरवाला ती कार्डावर लिही आणि कार्ड आत जाई. गिऱ्हाइकं कामगारांचं डोकं खातात म्हणून साडूनेच हा नियम केला होता.

एक उंचच्या उंच माणूस तणतणत आला. "तिसरी खेप माझी! मागून खडखड वाजतंय म्हणून सांगतोय, आणि तुमचा माणूस चालवून बघतो आणि म्हणतो, काही वाजत नाही. मग मी काय स्वप्नं बघतो का?"

काउंटरवाल्याने शांतपणे कार्डावर लिहिलं, 'मागून खडखड.' कार्ड ताईच्या हातात गेलं. तिने गाडीभोवती चक्कर मारली. फोरमनकडे बघितलं. फोरमन चणीने लहान, पण मिशीने मोठा माणूस होता. त्याने लगेच पाठ फिरवली. ताई पिवळ्या पट्ट्यापर्यंत आली आणि तिथे तिची नजर त्या उंच माणसाच्या भल्यामोठ्या बुटांवर पडली. मास्तरांना वर्तमानपत्राच्या कडेवरून दिसलं, तिचे खांदे एकदम सैल झाले. तिने पट्टा ओलांडला.

"साहेब, गाडीची किल्ली जुडग्यातून सोडवून देता ना आम्हाला?"

"हो. का?"

"मग तुम्ही चालवताना ते जुडगंच वाजत असेल."

"आवाज मागून येतो हो, बाई! किल्ली काय डिकीत लावतात?"

फोरमन मोठ्याने हसला. काउंटरवाला म्हणाला, "ताई, पट्ट्याच्या आत." मास्तरांनी वर्तमानपत्र जरा वर घेतलं. संपलं सगळं, त्यांना वाटलं.

पण ताई हलली नाही. ती त्या बुटांकडे बघत होती. "साहेब, जरा तुमच्या जागेवर बसून दाखवता का? नेहमी बसता तसं?"

तो माणूस गाडीत शिरला आणि आधी त्याने सीट धाडकन मागे ढकलली. "आणि हे एक! दर वेळी माझी सीट पुढे ओढून ठेवता तुम्ही लोक!"

मग ताई मागच्या दाराने आत बसली आणि फोरमनलाही बसा म्हणाली. तो मिशी फेंदारून बसला. गाडी एक फेरी मारून परत आली तेव्हा खडखडाट सगळ्यांना ऐकू येत होता. सीट पार मागे गेली की तिच्या पट्टीचं टोक खालच्या एका ढिल्या नटावर आपटत होतं. बुटका फोरमन सीट पुढे ओढून चालवी, म्हणून त्याला आवाज कधी आलाच नव्हता. ताई सीटखाली हात घालून चाचपडत राहिली, तिला नट सापडेना. फोरमनने हात घातला आणि पाना एकदा फिरवून तो आवळला.

"नट मी आवळलाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग बाकाकडे वळला. "मास्तर, तुम्ही पेपर उलटा धरलाय. आणि मला सांगा, याला मेकॅनिकी म्हणायचं? गिऱ्हाइकाला घेऊन गावभर फिरायचं, तर ड्रायव्हिंग स्कूल काय वाईट?"

मास्तरांनी पेपर सुलटा केला. फोरमनचं म्हणणं त्यांना पटत होतं. ताईने केलं तेही पटत होतं. एकाच माणसाला दोन्ही पटतं म्हणजे त्याला काहीच कळत नाही, असं त्यांचं स्वतःबद्दलचं जुनं मत होतं.

पुढची गाडी मालकाशिवाय आलेली होती. इंजिन गचके देत होतं. ताई कार्ड हातात घेऊन तिच्याभोवती फिरत राहिली, अगदी दुपारपर्यंत. मग फोरमनने इंजिनाला कान लावला आणि बिघाड सांगितला. बुटांचा नंबर त्याने विचारला नाही.

मास्तर निघाले तेव्हा ताई फाटकापर्यंत आली.

"सर, सही होईल ना?"

"तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला गाडी येते?"

ताईने बराच विचार केला. "माणूस असला की येते. नुसती गाडी असली की आंधळी कोशिंबीर होते. आमच्या दुकानाच्या जागी औषधांचं दुकान झालंय, सर. परत जायला जागाच राहिली नाही, म्हणून तर विचारते." मग म्हणाली, "पण शिकेन मी. नुसती गाडी अजून कुणी मला दाखवलीच कुठे आहे?"

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच मास्तरांना ते घरापर्यंत टोचत राहिलं.

उत्तर लिहायला बसले, तर पहिल्या कागदावर शिक्षण म्हणजे काय यावरच पानभर झालं. तो फाडला. दुसऱ्यावर ताईची बाजू मांडली आणि तिसऱ्यावर ती खोडून काढली. बायको कपड्यांच्या घड्या घालत बघत होती.

"त्या कॅलेंडरचंच चाललंय का?"

मास्तरांनी निमूटपणे साडूचं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं, फोरमनच्या गुडघ्यांपाशी खुदकन हसली आणि पत्र परत दिलं. "अहो, सही करा नाही तर करू नका. एवढंच सांगायचंय ना? मग चार चार पानं कसली भरताय?"

"दोन्ही सांगायचंय."

"मग दोन्ही सांगा," ती म्हणाली आणि टॉवेलची घडी घालू लागली.

मास्तरांना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी कॉलेजच्या नियमांचं पुस्तक काढलं आणि बोट फिरवत फिरवत शोधलं. मालक आणि शिक्षक दोघांची संमती असेल तर उमेदवारी वाढवता येत होती. मग त्यांनी लिहिलं:

'साडूभाऊ, उशिराबद्दल माफी असावी. दाखल्यावर आत्ता सही करू नका. आणि तिला परतही पाठवू नका. उमेदवारी आणखी सहा महिने वाढवा, माझी संमती सोबत आहे. तिला पट्ट्याबाहेर येऊ द्या. आधी गिऱ्हाईक तिच्या हवाली करा, मग गाडी. मालकाशिवाय आलेली एखादी गाडी शनिवारी राखून ठेवा, मी तिच्याबरोबर येऊन बसेन. बिघाड मला सापडेल याची खात्री नाही. तुमचे फोरमन तयार असतील तर त्यांनी आम्हा दोघांनाही शिकवावं. त्यांना सांगा, गुडघ्यांकडे बघायची सवय तिला माझ्यामुळे लागली, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. मी हे बरोबर लिहितोय की नाही, मला कळत नाही. तरी हा माझा शब्द समजा.'

शनिवारी त्यांनी ते आधी ताईला वाचायला दिलं. ती निळ्या गाडीच्या बॉनेटला टेकून वाचत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मास्तरांना काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"म्हणजे सही नाही," ती म्हणाली.

"आत्ता नाही."

"आणखी सहा महिने उमेदवाराच्याच हुद्द्यावर."

"हो. राग आला असेल, तर मी अजून बदलतो. अजून टाकलेलं नाही."

"राग आलाय थोडा." तिने पत्राची घडी घातली. "पण काढून टाकणार नाहीत ना?"

"माझ्या शब्दाबाहेर ते नाहीत म्हणतात. मी त्यांना आजवर कधी शब्द दिलेला नाही, त्यामुळे खरं काय ते बघायला लागेल."

ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं, मग खिशाकडे बघितलं. "सर, हे परत खिशात जाणार. मला दिसतंय. चला, मी येते बरोबर."

पोस्टाची पेटी कॉलेजच्या फाटकाबाहेरच होती. मास्तरांनी पाकीट पेटीच्या तोंडाशी नेलं आणि थांबले. गॅरेज इथून चालत जाण्याइतकं जवळ होतं. आपण हे हातातच नेऊन द्यावं का? 'समजा' म्हणायला हवं होतं की 'आहे'? सहा महिने जास्त झाले का, की कमीच?

"सर," ताई म्हणाली.

मास्तरांनी पाकीट सोडलं.